निकालापूर्वींचीं मुलें

डोंगरीचा तुरुंग मराठी माणसाला माहीत आहे तो टिळक आणि आगरकर यांच्यामुळें. कोल्हापूरच्या दिवाणांनीं केलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यांत १८८२ सालीं या दोघां तरुण संपादकांना प्रत्येकीं चार महिन्यांची साधी कैद झाली आणि ती त्यांनीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत भोगली. मुदतींत कांहीं सूट मिळून ते १०१ दिवसांनीं बाहेर आले. आगरकरांनीं त्या दिवसांची हकीकत लिहिली, तिच्या नांवांतच हा आंकडा आहे. इतकें आपण शाळेंतच वाचलेलें असतें. त्या हकीकतींतला एक दुवा मात्र आपण सहज ओलांडून जातों. खटला चालूं असतां हे दोघे तुरुंगांत नव्हते. जोतीराव फुले यांच्या खटपटीनें रामशेट उरवणे या गृहस्थांनीं जामीनकी पत्करली, आणि निकाल लागेपर्यंत दोघेहि मोकळे राहिले. तुरुंगाचें दार त्यांच्यामागें लागलें तें न्यायाधीशानें दोषी ठरविल्यानंतर; त्याच्या आधीं नव्हे.

पुढें याच तुरुंगाच्या जागेंत मुलांचें रिमांड होम आलें. उमरखाडीच्या त्या जुन्या भिंतींआड मुंबईच्या रस्त्यांवरचीं मुलें कित्येक पिढ्या जात-येत आलीं आहेत. त्यांतल्या फारच थोड्यांना कोणी रामशेट भेटला असेल.

आमच्या लहानपणीं चाळींत एखादा मुलगा फार व्रात्यपणा करूं लागला कीं, ‘याला रिमांड होममध्यें नेऊन टाका,’ असें कोणीतरी वडीलधारें माणूस म्हणे. म्हणणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याहि मनांत त्याचा अर्थ एकच असे : मुलांचा तुरुंग. ‘रिमांड’ या शब्दाचा कायद्यांतला अर्थ मात्र अगदीं निराळा आहे. आरोपीला पुढल्या तारखेपर्यंत परत पाठविणें, एवढाच तो अर्थ. ज्याचा निकाल लागलेला नाहीं, ज्याला अजून कोणत्याहि न्यायाधीशानें गुन्हेगार म्हटलेलें नाहीं, त्यानें थांबावयाची जागा तें रिमांड होम. शब्द थांबण्याचा आणि रूढ अर्थ शिक्षेचा, असा हा घोटाळा आहे. तो एकट्या चाळींतल्या वडीलधाऱ्यांचा नव्हे. गेलीं दोनशें वर्षें कायदे करणाऱ्यांनीं, तुरुंग बांधणाऱ्यांनीं आणि मुलांविषयीं मनापासून कळवळा असलेल्यांनींहि तो केलेला आहे. त्या घोटाळ्याची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

आपल्याकडील तुरुंगांच्या बोलींत दोन सुटसुटीत शब्द आहेत : कच्चा कैदी आणि पक्का कैदी. खटला चालूं आहे तो कच्चा. शिक्षा झाली तो पक्का. या दोघांमधली रेघ ही निकालाची रेघ. तुरुंगांत दुसरी एक रेघ ओढावी लागते, ती वयाची : मोठीं माणसें एकीकडे, मुलें दुसरीकडे. या दोन रेघा एकमेकींना छेदल्या कीं चार खोल्या होतात. त्यांतल्या तीन खोल्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. चौथी खोली निकालाची वाट पाहणाऱ्या मुलाची. ती सर्वांच्या शेवटीं सुचली, आणि सुचल्यावरहि पुष्कळदां कागदावरच राहिली.

इंग्लंडांत तुरुंगांतल्या कच्च्या माणसाच्या हालांकडे लोकांचें लक्ष ओढलें तें जॉन हॉवर्ड यानें. १७७३ सालीं तो बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला. शेरिफाचें पद मानाचें. त्यानें स्वतः तुरुंगांत पाऊल टाकावें अशी वहिवाट नव्हती. हॉवर्ड आंत गेला. त्यानें पाहिलें तें असें कीं, ज्यूरीनें निर्दोष म्हणून सोडलेलीं माणसें न्यायालयांतून पुन्हां तुरुंगांतच परत येत आहेत. कारण तुरुंगाधिकाऱ्याला पगार नसे, त्याचें पोट कैद्यांकडून मिळणाऱ्या फीवर चाले, आणि ती फी चुकती होईपर्यंत तो निर्दोष माणसालाहि सोडीत नसे. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १७७४ सालीं, पार्लमेंटानें ही चाल कायद्यानें बंद केली. १७७७ सालीं हॉवर्डनें देशांतल्या तुरुंगांच्या स्थितीवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि १८२३ सालीं पील यानें केलेल्या कायद्यानें कैद्यांची वर्गवारी ठरवून दिली. तींत आरोपी निराळे आणि दोषी निराळे, हें तत्त्व स्पष्ट आहे. वयाचा असा स्वतंत्र वर्ग मात्र तींत नव्हता. निकालाची रेघ कागदावर आली, ती मोठ्या माणसांचा विचार करून आली.

मुलांची दशा लोकांना ठाऊक नव्हती असें नाहीं. लंडनमधल्या बालगुन्हेगारीचीं कारणें शोधणाऱ्या एका समितीनें १८१६ सालींच आपला अहवाल छापला होता. न्यूगेटच्या तुरुंगांतल्या मुलांशीं बोलून तिच्या सभासदांनीं माहिती गोळा केली होती. आईबापांची हयगय, शिक्षणाचा अभाव, कामधंदा नसणें, रस्त्यावरचा जुगार, हीं नेहमींचीं कारणें त्यांत आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीला फौजदारी कायद्याचा कडकपणा, पोलिसांची व्यवस्था आणि तुरुंगांतली शिस्त हीं कारणेंहि समितीनें बसविलीं. सरकारचा तुरुंग हेंच गुन्ह्याचें एक कारण, असें सांगणें त्या काळीं धाडसाचें होतें.

यांतून निघालेला पहिला उपाय मोठा व्यवहारी होता. त्या वेळीं किरकोळ चोरीचा खटलाहि सेशन्सपुढें जाई, आणि परगण्याचीं सेशन्स वर्षांतून चार वेळां भरत. एखाद्या मुलानें रुमाल चोरल्याचा आरोप आला आणि नुकतेंच एक सेशन संपलेलें असलें, तर दुसरें भरेपर्यंत तो तुरुंगांतच राही. मग खटला उभा राहून तो निर्दोष ठरला, तरी मधले महिने त्याला कोण परत देणार? १८४७ सालीं पार्लमेंटानें कायदा केला कीं, चवदा वर्षांपर्यंतच्या मुलाचा किरकोळ चोरीचा खटला मॅजिस्ट्रेटांनींच तेथल्या तेथें निकालांत काढावा. या कायद्याच्या प्रास्ताविकांतच त्याचा हेतु लिहिलेला आहे : मुलांचे खटले लवकर चालावे आणि खटल्यापूर्वींच्या दीर्घ कैदेचे दुष्परिणाम टळावे. त्याबरोबर मॅजिस्ट्रेटांना तीन महिन्यांपर्यंत कैदेचा आणि मुलगा असल्यास फटक्यांचाहि अधिकार मिळाला, ही त्या दयेची किंमत. तरीहि मला हा कायदा फार शहाणपणाचा वाटतो. त्यानें चौथी खोली बांधली नाहीं. त्या खोलींत काढावयाचे दिवस कमी केले.

यानंतर मेरी कार्पेंटर या बाईंचें युग येतें. ब्रिस्टलच्या या बाईंनीं १८५१ सालीं मुलांच्या सुधारशाळांवर पुस्तक लिहिलें, दुसऱ्या वर्षीं किंग्जवूड येथें अशी शाळा काढली, आणि १८५४ सालीं मुलींसाठीं दुसरी काढली. त्याच वर्षीं पार्लमेंटानें सुधारशाळांना कायद्याचा आधार दिला. सोळा वर्षांखालील दोषी मुलाला दोन ते पांच वर्षें अशा शाळेंत ठेवावें, असें ठरलें. पण त्याला एक शेपूट जोडलें गेलें. शाळेंत जाण्यापूर्वीं मुलानें निदान चवदा दिवस तुरुंगांत काढलेच पाहिजेत! आधीं प्रायश्चित्त आणि मग शिक्षण, असा त्यामागचा विचार. बाईंनीं त्याला कडाडून विरोध केला. त्या चवदा दिवसांचे १८६६ सालीं दहा झाले, आणि ती अट पुरती नाहींशी व्हावयाला १८९९ साल उजाडलें.

या बाईंविषयीं मला अतिशय आदर आहे. १८६६ पासून त्या चार वेळां हिंदुस्थानांत आल्या. येथल्या स्त्रीशिक्षणासाठीं आणि तुरुंगांच्या सुधारणेसाठीं त्या सरकारदरबारीं झटल्या. पण ज्या घोटाळ्याची मी गोष्ट सांगत आहें, त्याचें बीज त्यांच्याच विचारांत आहे, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. त्यांच्या त्या पुस्तकाच्या नांवांतच मुलांचे वर्ग आहेत : नाशाच्या वाटेवरचीं, समाजाला धोक्याचीं आणि प्रत्यक्ष गुन्हेगार. ही वर्गवारी मुलाच्या स्थितीवरून केलेली आहे; न्यायाधीशाच्या निकालाला तींत फारसें स्थान नाहीं. मूल बिघडलें आहे किंवा बिघडणार आहे. त्याला चांगल्या घरांत ठेवूं. मग त्यानें ती चोरी केली होती कीं नव्हती, याची बारकाईनें चौकशी करण्याचें प्रयोजन काय? वयाची रेघ अशी ठळक होत गेली आणि तिच्या शाईनें निकालाची रेघ पुसली गेली.

मुलांना वेगळें ठेवण्याच्या बाजूनें त्या काळीं, आणि आजहि, एकच युक्तिवाद पुन्हां पुन्हां ऐकूं येतो. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो. सराईत मुलगा नवशिक्याला बिघडवील, म्हणून दोघांना वेगळें करा. यांत तथ्य आहे. पण हा युक्तिवाद निकालाच्या रेघेचें समर्थन करीत नाहीं. एकाच फळीवर निजणारीं दोन मुलें घ्या. एकाला पहिल्याच चुकीबद्दल शिक्षा झालेली आहे. दुसरा पांचव्यांदा पकडला गेला आहे, पण त्याचा खटला अजून उभा राहावयाचा आहे. आंब्याचा न्याय लावला तर पक्क्याचें कच्च्यापासून रक्षण करावें लागेल! निकालाची रेघ ओढावयाची ती दुसऱ्याच कारणासाठीं. शिक्षा झालेल्या मुलावर राज्याला कांहीं अधिकार प्राप्त झालेला असतो : त्याला कामाला लावण्याचा, वळण लावण्याचा, ठराविक मुदतीपर्यंत ठेवून घेण्याचा. थांबलेल्या मुलावर असा अधिकार नाहीं. त्यानें तारखेला हजर राहावें, एवढ्यापुरताच तो ताब्यांत आहे. त्याला ‘सुधारावयास’ घेतलें कीं, तो बिघडला आहे हें आपण खटल्यावांचून ठरवून मोकळे होतों.

या विचाराची कसोटी लागली ती अमेरिकेंत. १८९९ सालीं शिकागो शहरांत मुलांचें पहिलें स्वतंत्र न्यायालय निघालें. बारा वर्षांखालील मुलाला तुरुंगांत किंवा पोलीस चौकींत ठेवूं नये, असें त्या कायद्यानें बजावलें. त्या मुलांना मग ठेवावयाचें कोठें, याची सोय सरकारनें केली नव्हती. तेव्हां शहरांतल्या स्त्रियांनीं समिति करून, वर्गणी जमवून, थांबणाऱ्या मुलांसाठीं घर चालविलें. चौथ्या खोलीचा एवढा जिव्हाळ्यानें विचार करणारीं माणसें त्यापूर्वीं क्वचितच झालीं असतील. परंतु त्या न्यायालयाची मूळ कल्पनाच अशी कीं, न्यायाधीश हा बापाच्या ठिकाणीं, तो शिक्षा करीत नाहीं, हित पाहतो. बाप मुलाला वकील देत नाहीं आणि साक्षीदारहि तपाशीत नाहीं.

याचा परिणाम ६५ वर्षांनीं ॲरिझोना संस्थानांतल्या गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाच्या खटल्यांत उघडा पडला. शेजारणीला अश्लील टेलिफोन केल्याच्या आरोपावरून जून १९६४ मध्यें पोलिसांनीं त्याला धरून मुलांच्या कोठडींत ठेवलें. आईबाप कामावर गेलेले. त्यांना निरोपहि नाहीं. फिर्यादी बाई न्यायाधीशासमोर कधीं आलीच नाहीं. मुलाला वकील नव्हता, जबानीची नोंद नव्हती, आणि निकाल असा कीं, एकविसावें वर्ष लागेपर्यंत त्यानें औद्योगिक शाळेंत राहावें. म्हणजे सहा वर्षेंपर्यंत! हाच गुन्हा मोठ्या माणसानें केला असता तर फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद. १५ मे १९६७ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हा निकाल फिरविला आणि आरोपाची पूर्वसूचना, वकील, साक्षीदारांची उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क, हे मुलालाहि आहेत, असें सांगितलें.

इंग्लंडांत घोटाळा निराळ्या रीतीनें झाला, आणि तो आपल्याला अधिक जवळचा आहे. १९०८ च्या मुलांच्या कायद्यानें बालन्यायालयें आलीं, चवदा वर्षांखालील मुलाला तुरुंगांत धाडणें बंद झालें, आणि खटल्याची वाट पाहणाऱ्या मुलांसाठीं पोलिसांनीं स्वतंत्र जागा ठेवाव्या असें ठरलें. इथपर्यंत उत्तम. पण त्याच कायद्यानें अशी सवलत दिली कीं, दोषी मुलाला तुरुंगाऐवजीं महिनाभरापर्यंत याच जागेंत शिक्षा म्हणून ठेवतां यावें. १९३३ च्या कायद्यानें या जागा पोलिसांकडून काढून परगण्यांच्या कौन्सिलांकडे दिल्या, त्यांना ‘रिमांड होम’ हें नांव दिलें, आणि महिन्याची ती शिक्षाहि तशीच ठेवली. एकाच घरांत एक मुलगा तारखेची वाट पाहत आहे आणि दुसरा शिक्षा भोगीत आहे. दोघांचें जेवण, निजणें आणि दार एकच. आंतल्या मुलाला आपण कच्चे कीं पक्के हें कशावरून कळावें?

आतां आपल्याकडे येऊं. मुंबईंत १८५० नंतर मुलांना धंदेशिक्षण देणारी सुधारशाळा निघाली आणि १८५७ सालीं डेव्हिड ससून यांच्या देणगीनें ती स्थिरावली. तीच पुढें माटुंग्याची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा. १८७६ सालीं, म्हणजे मेरी कार्पेंटर यांची शेवटली भेट संपली त्याच वर्षीं, सुधारशाळांचा कायदा झाला. १८९७ सालीं तो नव्यानें केला गेला. त्यांत पंधरा वर्षांखालील दोषी मुलाला तीन ते सात वर्षें शाळेंत ठेवण्याची योजना होती. मुलींचा त्यांत समावेश नव्हता. हा कायदा पक्क्या मुलांचा. कच्च्या मुलांच्या वांट्याला पोलीस कोठडी नाहींतर तुरुंग. तुरुंगांसाठीं १८९४ चा स्वतंत्र कायदा होता आणि त्याच्या २७ व्या कलमांत दोन्हीं रेघा आहेत : कोंवळ्या वयाचे कैदी मोठ्यांपासून वेगळे ठेवावे, आणि खटला चालूं असलेले शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवावे. चारहि खोल्या अशा एका कलमांत मावल्या. तालुक्याच्या तुरुंगांत मात्र पुष्कळदां एकच बराक असे.

१९१९–२० सालीं सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालीं तुरुंगांची चौकशी करणारी कमिटी नेमली गेली. मुलांना तुरुंगांत धाडूं नये, त्यांच्यासाठीं निराळीं न्यायालयें आणि रिमांड होम असावीं, अशी शिफारस तिनें केली. मग मद्रासेचा कायदा १९२० सालीं, बंगालचा १९२२ सालीं आणि मुंबईचा १९२४ सालीं झाला. मुंबई शहरांत काम सुरूं झालें तें १९२७ सालीं. त्याच वर्षीं चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि उमरखाडीची जबाबदारी तिच्याकडे आली. कायदा इंग्लंडच्या वळणाचा, आणि घोटाळाहि त्याच वळणाचा. त्यांत आणखी एक भर पडली. ज्यावर कसलाहि आरोप नाहीं, जें केवळ रस्त्यावर उघडें सांपडलें, असें अनाथ मूलहि चौकशी होईपर्यंत रिमांड होमांतच येई. आरोपी, निराधार आणि शाळेंत रवानगी होण्याची वाट पाहणारें दोषी, अशीं तीन प्रकारचीं मुलें एका अंगणांत आलीं.

केंद्रशासित प्रदेशांसाठीं झालेल्या १९६० च्या कायद्यानें नांवें तरी वेगळीं केलीं : चौकशी चालूं असतां निरीक्षणगृह, दोषी ठरल्यावर विशेष शाळा, निराधारांसाठीं बालगृह. १९८६ सालीं देशभर एकच कायदा झाला, तेव्हां विशेष शाळेचें विशेष गृह झालें. पण निराधार आणि आरोपी हीं दोन्हीं प्रकारचीं मुलें चौकशीच्या काळांत निरीक्षणगृहांतच राहिलीं. त्यांची फारकत झाली ती २००० च्या कायद्यानें.

पण भिंतींपेक्षां मोठी गोष्ट काळाची, हें १८४७ सालीं इंग्रजांना जें कळलें होतें, तें आपल्याकडे पुन्हां सांगावें लागलें. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनीं तुरुंगांतल्या सोळा वर्षांखालील मुलांसाठीं सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. १९८६ सालीं न्यायालयानें सांगितलें कीं, ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, त्यांत मुलाविरुद्धचा तपास तीन महिन्यांत आणि आरोपपत्रानंतर खटला सहा महिन्यांत पुरा झाला पाहिजे, नाहींतर तो रद्द समजावा. मुलांना तुरुंगांत ठेवणें थांबावें म्हणून जिल्हा न्यायाधीशांनीं तुरुंगांना भेटी द्याव्या, असेंहि ठरलें. आणि दैव पाहा : दिरंगाईविरुद्धच्या या याचिकेचेंच काम इतकें रेंगाळलें कीं, १९८८ सालीं बारसे बाईंनीं ती मागें घेण्याची परवानगी मागितली. न्यायालयानें त्यांना बाजूला होऊं दिलें आणि प्रकरण पुढें चालूं ठेवलें.

निकालाची रेघ मुलांसाठीं जगाच्या व्यासपीठावर निःसंदिग्ध शब्दांत आली ती १९९० च्या डिसेंबरांत, संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत. हवानाच्या परिषदेवरून त्यांना हवाना नियम म्हणतात. खटला न झालेलीं मुलें दोषी मुलांपासून वेगळीं ठेवावीं, असें त्यांत सांगितलें आहे. पण मला त्यापुढला नियम अधिक मोलाचा वाटतो. थांबलेल्या मुलाला काम आणि शिक्षण यांची संधि द्यावी, कामाचा मोबदला द्यावा, मात्र त्याची सक्ति करूं नये, असें तो म्हणतो. वेगळें ठेवणें म्हणजे रिकामें बसविणें नव्हे. आणि रिकामें बसूं नये म्हणून सुधारणेच्या चाकाला जुंपणेंहि नव्हे. निरीक्षणगृह चालविणाऱ्याला रोज सकाळीं ही तारेवरची कसरत करावी लागते, आणि ती भिंत बांधण्याहून कितीतरी अवघड आहे.

आपल्याकडे २०१५ चा कायदा झाला, तो दिल्लीच्या २०१२ सालच्या भयंकर प्रकरणानंतरच्या संतापांत. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असल्यास त्याचा खटला मोठ्या माणसाप्रमाणें चालवावा कीं काय, हें ठरविण्याची तजवीज त्यांत आहे, आणि अशांसाठीं ‘सुरक्षित स्थान’ या नांवाची जागा आहे. संतापाच्या भरांतहि ४९ वें कलम लिहिणाऱ्यांनीं एक गोष्ट विसरूं दिली नाहीं : त्या जागेंत चौकशी चालूं असलेल्यांची सोय वेगळी आणि दोषी ठरलेल्यांची वेगळी असली पाहिजे. चौथी खोली सर्वांत कडक कुलपाच्या आंतहि कायम ठेवलेली आहे.

त्याच कायद्यानें दिवसांचीहि मर्यादा घातली. मूल बाल न्याय मंडळापुढें प्रथम आल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपावी; कारणें लिहून ती फार तर दोन महिने वाढवावी. गुन्हा किरकोळ असेल आणि तेवढ्या अवधींतहि निकाल लागला नसेल, तर प्रकरण तेथेंच संपतें आणि मूल घरीं जातें.